एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स: वायफाय अडलं तर काय करायचं

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. नवा लॅपटॉप परवडत नाही आणि जुना तर धडधाकट आहे, अशा वेळी विंडोज तसंच ठेवून शेजारी उबंटू किंवा लिनक्स मिंट (लिनक्सच्या दोन मोफत सिस्टिम) टाकून घेणारे बरेच जण आम्हाला भेटतात. दादर-परळच्या बाजूला आम्ही काही जण मिळून विद्यार्थ्यांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे बसवून देतो. नंतर जे फोन येतात त्यांत वायफायची तक्रार हमखास असते. खालची उत्तरं त्या फोनांवरूनच लिहिली आहेत. बहुतेक वेळा लॅपटॉपचं वायफाय कार्ड शाबूत असतं आणि दुरुस्तीला एक पैसाही लागत नाही. म्हणून काही विकत घेण्याआधी आधी हे वाचा.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) त्या इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करायच्या; अपवाद असेल तिथे सांगितलं आहे.

नेट चालत नाही. सुरुवात कुठून करू?

तुमच्या लॅपटॉपवर दोन सिस्टिम आहेत, हीच तपासाची सगळ्यात मोठी सोय आहे. कार्ड तेच, अँटेना तीच, खोली तीच, राउटरही तोच. बदलते ती फक्त सिस्टिम. त्यामुळे दोन्हीकडे एकदा बघितलं की अर्धा उलगडा होतो.

आधी फोन त्याच वायफायला जोडून बघा. फोनवरही नेट नसेल तर लॅपटॉपला हात लावू नका. राउटर बंद करून चालू करा, नाहीतर केबलवाल्याला फोन करा. फोनवर चालतंय, विंडोजमध्ये चालतंय आणि फक्त लिनक्समध्ये नाही, म्हणजे कार्ड ठणठणीत आहे. प्रश्न ड्रायव्हरचा (सिस्टिमला कार्ड चालवायला शिकवणारा प्रोग्रॅम), फर्मवेअरचा (कार्डाच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर) किंवा विंडोज नीट बंद न झाल्याचा आहे. दोन्हीकडे नसेल तर विमान मोड, बायोसमधली (सिस्टिम सुरू होण्याआधीच्या मेन्यूतली) सेटिंग, सैल झालेलं कार्ड, या क्रमाने बघा. दोन्हीकडे आहे पण आतल्या खोलीत गेलं की जातं, तर राउटरची जागा आणि बँड (२.४ की ५ गिगाहर्ट्झ) बघायला हवा.

हे न बघता लोक थेट लिनक्स पुन्हा टाकतात. त्यात आख्खी संध्याकाळ जाते आणि बहुतेकदा तक्रार जिथल्या तिथेच राहते.

काल रात्री लिनक्समध्ये सगळं नीट होतं. मध्ये विंडोज वापरून बंद केलं. आता लिनक्समध्ये वायफायचं चिन्हच नाही. कार्ड गेलं का?

नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: विंडोजचं फास्ट स्टार्टअप.

२०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' दाबल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर्सची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते, म्हणजे पुढच्या वेळी ते पटकन सुरू होतं. दुकानदाराने शटर ओढलं, पण आतला माल उद्यासाठी काउंटरवर तसाच मांडून ठेवला, असा हा प्रकार आहे. विंडोज परत येणार असेल तर ठीक. मधल्या वेळात लिनक्स आलं की त्याला वायफाय कार्ड विंडोजने सोडलेल्या अर्धवट अवस्थेत मिळतं. काही कार्डं त्यातून जागीच होत नाहीत आणि लिनक्सचा ड्रायव्हर हात टेकतो.

खात्री करायची तर विंडोजमध्ये जा आणि 'शट डाउन'ऐवजी 'रीस्टार्ट' करून लिनक्स निवडा. रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं. वायफाय परत आलं, तर कारण सापडलं. शिफ्टची कळ दाबून ठेवून शट डाउन केलं तरी तोच परिणाम होतो.

कायमचा उपाय असा: विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल उघडा, पॉवर ऑप्शन्समध्ये जा, डाव्या बाजूच्या 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' वर क्लिक करा. खालचे पर्याय फिकट दिसतील. वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर क्लिक केलं की ते मोकळे होतात. मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढा आणि सेव्ह करा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही खूण कधीकधी परत लागलेली असते, तेव्हा तक्रार उलटली तर आधी इथेच बघा.

याचा दुसरा फायदा वायफायपेक्षाही मोठा आहे. फास्ट स्टार्टअप चालू असताना विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा विंडोजचा भाग, अर्धवट अवस्थेत असतो. लिनक्समधून त्या भागात फाइल लिहिता येत नाही, आणि जबरदस्तीने लिहिली तर डेटा खराब होऊ शकतो. मुलांचे प्रोजेक्ट, घरचे फोटो ज्या डिस्कवर आहेत तिच्याशी हा धोका घेऊ नका. दोन सिस्टिम असलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर फास्ट स्टार्टअप बंदच हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उलट झालंय. लिनक्समधून विंडोजमध्ये आलो तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायवर पिवळा त्रिकोण आणि 'कोड १०'.

कार्ड पूर्ण वीजमुक्त करा. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून ठेवा. मग चार्जर लावून थेट विंडोज सुरू करा. तरीही त्रिकोण राहिला, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घेऊन पुन्हा टाका.

उबंटू नुकतंच टाकलं. वायफाय मुळीच दिसत नाही. ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेटसाठी ड्रायव्हर लागतो. काय करू?

फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला हे साध्या वायरच्या नेटसारखं दिसतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात, मोबाइल डेटा खर्च होत नाही. केबल मात्र नुसती चार्जिंगची नको, डेटा जाणारी हवी. टेदरिंगचा पर्याय फिकटच राहिला तर केबल बदलून बघा.

नेट आलं की कार्ड कोणाचं आहे ते ओळखा. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली की यादी येते. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' असलेली ओळ बघा. पुढचा रस्ता त्या ओळीतल्या नावावर ठरतो.

इंटेल असेल तर ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यातच) असतो. नवं कार्ड आणि जुना कर्नल अशी जोडी असली तर तेवढीच अडचण येते. उदाहरणार्थ, एएक्स२१० या कार्डाला कर्नल ५.१० किंवा त्यापुढचा लागतो. सिस्टिम अपडेट करा, की कर्नल आणि 'लिनक्स-फर्मवेअर' हे पॅकेज दोन्ही नवे होतात. मीडियाटेकच्या एमटी७९२१ साठी कर्नल ५.१२ पासून सोय आहे.

ब्रॉडकॉम असेल तर 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' हे ॲप उघडा (मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर'), थोडा वेळ थांबा आणि सुचवलेला ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर निवडा. जुन्या मॅकबुकांत आणि काही जुन्या विंडोज लॅपटॉपांत हीच कार्डं आहेत.

रिअलटेकचं चित्र सगळ्यात विस्कळीत आहे. बरेच चिप आता कर्नलमध्ये आले आहेत, म्हणून आधी नवा कर्नल करून बघा. इंटरनेटवर सापडलेला ड्रायव्हर स्वतः कंपाइल करून (त्याच्या मूळ कोडमधून तयार करून) टाकणं हा शेवटचा उपाय. असा ड्रायव्हर पुढच्या कर्नल अपडेटला मोडू शकतो, आणि नेमकं परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या दिवशी वायफाय नाही अशी वेळ येते.

एक सल्ला मनापासून देतो: लिनक्स टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरून 'ट्राय' पर्यायाने सुरू करा आणि वायफाय जोडून बघा. डिस्कला हात न लावता तिथेच कळतं.

ड्रायव्हर टाकताना पासवर्ड मागितला, रीस्टार्ट केल्यावर निळा स्क्रीन आला. घाबरून पुढे गेलो. वायफाय काही आलं नाही.

तो निळा स्क्रीन बिघाडाचा नव्हता. लॅपटॉपमध्ये 'सिक्युअर बूट' चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर लिनक्स चालू होऊ देत नाही. ब्रॉडकॉमचा किंवा स्वतः कंपाइल केलेला ड्रायव्हर टाकताना उबंटू तुमच्याच लॅपटॉपवर एक किल्ली तयार करतं आणि एक तात्पुरता पासवर्ड ठरवायला सांगतं. रीस्टार्टनंतर निळ्या स्क्रीनवर विचारलं जातं की ही किल्ली मान्य आहे का. तिथे 'एनरोल एमओके', मग 'कंटिन्यू', मग 'येस' निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. 'कंटिन्यू बूट' दाबलं तर किल्ली नोंदली जात नाही आणि ड्रायव्हर असून नसल्यासारखा राहतो. ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, स्क्रीन परत येईल.

अनेक जण सरळ बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करायला सांगतात. तसं करण्याआधी थांबा. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल, आणि आजकाल नव्या लॅपटॉपांत ते आपोआप चालू असतं, तर सिक्युअर बूट बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर विंडोजमधला डेटा कायमचा गेला. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की आधी कागदावर उतरवून घ्या, मगच बायोस उघडा.

'वायफाय हार्डवेअर स्विचने बंद आहे' असं येतं. माझ्या लॅपटॉपला तर स्विचच नाही.

टर्मिनलमध्ये 'आरएफकिल लिस्ट' द्या. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' समोर 'येस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल' दिल्यावर सुटतं. 'हार्ड ब्लॉक्ड' समोर 'येस' असेल तर आधी कीबोर्डवरची विमानाची कळ एफएनसह दाबून बघा. लेनोव्होच्या काही आयडियापॅड लॅपटॉपांत खरा स्विच नसतानाही 'आयडियापॅड-लॅपटॉप' नावाचं मॉड्यूल (कर्नलचा सुटा भाग) लिनक्सला सांगतं की स्विच बंद आहे. ते मॉड्यूल तात्पुरतं काढलं आणि वायफाय आलं, तर त्याला ब्लॅकलिस्टमध्ये (सुरू न करायच्या मॉड्यूलांच्या यादीत) टाका.

राउटरच्या बाजूला बसलं तरच लिनक्समध्ये रेंज येते, स्वयंपाकघरात गेलं की गायब. विंडोजमध्ये मात्र घरभर चालतं.

लॅपटॉप बहुधा स्वस्तातला आणि कार्ड रिअलटेक आरटीएल८७२३बीई असेल. लॅपटॉपच्या तळाचं झाकण उघडलं तर बोटाच्या पेराएवढं कार्ड दिसतं. त्याच्या कडेला अँटेनाची वायर टोचायला दोन बारीक गोल सोनेरी टिकल्या असतात. चांगल्या लॅपटॉपमध्ये दोन वायरी येतात, एक काळी आणि एक पांढरी. काही स्वस्त मॉडेलमध्ये एकच वायर येते आणि एकाच टिकलीवर बसते. दुसरी मोकळी राहते. विंडोजच्या ड्रायव्हरला ठाऊक असतं की वायर कुठे आहे. लिनक्सचा ड्रायव्हर कार्डावर नोंदलेल्या माहितीवर विसंबतो, आणि ती नोंद चुकीची असली तर तो मोकळ्या टिकलीवर कान लावून बसतो. म्हणून अगदी जवळचा सिग्नल तेवढा मिळतो.

स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. ड्रायव्हरला 'एएनटी अंडरस्कोर एसईएल' हा पर्याय देता येतो. त्याची किंमत २ द्या आणि रीस्टार्ट करा, फरक नाही पडला तर १ देऊन बघा. हा पर्याय 'मॉडप्रोब डॉट डी' फोल्डरमधल्या एखाद्या फाइलमध्ये लिहिला की कायम राहतो. एका ओळीने आख्ख्या घरात रेंज येते. हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी लॅपटॉप मोडीत काढल्याचं पाहिलंय, त्याचं फार वाईट वाटतं.

जोडलं जातं, पण मीटिंगमध्ये मध्येच तुटतं.

दोन गोष्टी बघा. पहिली, वीज वाचवण्याची सेटिंग. उबंटू आणि मिंटमध्ये नेटवर्क मॅनेजरच्या 'कॉन्फ डॉट डी' फोल्डरमध्ये 'डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' नावाची फाइल असते. तिच्यात 'पॉवरसेव्ह' ची किंमत ३ असते. ती २ करा आणि रीस्टार्ट करा. विंडोजमध्ये तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमधली पहिली खूण काढा.

दुसरी गोष्ट म्हणजे मुंबईतली गर्दी. मालाड, मुलुंडच्या एखाद्या टॉवरमध्ये वायफायची यादी उघडा. वरच्या, खालच्या, शेजारच्या घरांची नावं स्क्रोल करून संपत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लॅपटॉपला अगदी लागून ठेवली तर तिचाही त्रास होतो. राउटर ५ गिगाहर्ट्झ देत असेल तर लॅपटॉप त्यावरच ठेवा. गिरगाव, लालबागच्या जुन्या इमारतींत भिंती जाड असल्यामुळे ५ गिगाहर्ट्झ आतल्या खोलीत पोचत नाही; तिथे राउटर लोखंडी कपाटामागून काढून मधल्या दाराच्या रेषेत ठेवला तरी फरक पडतो.

५ गिगाहर्ट्झचं नाव विंडोजमध्ये दिसतं, लिनक्समध्ये दिसत नाही.

लिनक्सला आपण कोणत्या देशात आहोत हे ठाऊक नसलं की ते सावध राहून काही चॅनेल बंद ठेवतं. 'आयडब्ल्यू रेग गेट' द्या. देशाच्या जागी ०० असेल तर 'आयडब्ल्यू रेग सेट आयएन' ही आज्ञा आधी 'सूडो' (व्यवस्थापकाचा अधिकार देणारा शब्द) लावून द्या; यातलं 'आयएन' मात्र मोठ्या अक्षरांत हवं. भारतात २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ५ गिगाहर्ट्झचे आणखी पट्टे परवानामुक्त झाले, त्यामुळे जुनं लिनक्स असेल तर अपडेटही करा.

इंटेलची नवी कार्डं देश स्वतःच ठरवतात, ही आज्ञा ती मानत नाहीत. तिथे राउटरमध्ये बदल करणं सोपं: चॅनेल 'ऑटो' वरून ३६ ते ४८ मधल्या एखाद्यावर ठेवा. ५२ ते १४४ या चॅनेलवर राउटरला आधी रडारचा कानोसा घ्यावा लागतो आणि रडार आढळलं तर चॅनेल सोडावा लागतो. असा नियम आहे, कारण हवामानाची सी-बँड रडार ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं तसंच डॉप्लर रडार आहे. पावसाळ्यात ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं, तेव्हा हा नियम पाळायलाच हवा.

वायफाय 'जोडलेलं' दाखवतं, पण साइट उघडत नाहीत.

'पिंग १.१.१.१' देऊन बघा (आकडे इंग्रजीत). उत्तर आलं तर नेट आहे, नाव शोधणारं डीएनएस अडलंय; कनेक्शनच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदला. उत्तर नाही आलं तर व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवणारं ॲप) चालू राहिलंय का ते बघा.

मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये रेल्वेचं मोफत वायफाय सुरू झालं, तशा वायफायवर आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी देण्याचं पान यावं लागतं. लिनक्समध्ये ते पान आलं नाही तर स्वतः बदललेलं डीएनएस आणि व्हीपीएन बंद करा आणि ब्राउझरमध्ये 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' उघडा. ही साइट मुद्दाम साधी, बिनकुलपाची ठेवलेली आहे, त्यामुळे लॉगिनचं पान अडत नाही. अशा उघड्या वायफायवर बँकेचं काम करू नका.

विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे जातं. याचा वायफायशी संबंध आहे का?

विंडोज लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं. फरक साडेपाच तासांचा, म्हणून दर वेळी तेवढाच घोळ. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं की दोघांचं जमतं. एवढ्या फरकाने वायफाय सहसा तुटत नाही. पण घड्याळ थेट काही वर्षं मागे जात असेल तर आतली छोटी बॅटरी संपली आहे. तेव्हा सुरक्षित साइट उघडत नाहीत, सर्व्हरचं डिजिटल प्रमाणपत्र तपासून जोडणारं कॉलेजचं वायफायही जोडलं जात नाही, आणि माणूस विनाकारण ड्रायव्हर बदलत बसतो.

ब्लूटूथ हेडफोन दर वेळी नव्याने जोडावा लागतो.

दोन्ही सिस्टिमचा ब्लूटूथ पत्ता एकच, पण जोडणीची गुप्त किल्ली वेगळी. दुसरीकडे जोडलं की पहिली किल्ली निकामी होते. विंडोजची किल्ली लिनक्समध्ये उतरवता येते, पण खटाटोप मोठा आहे. घरगुती वापराला पुन्हा जोडून घेणं बरं.

सगळं करून झालं. आता डोंगल (यूएसबीला लावायचं बाहेरचं वायफाय कार्ड) घ्यायचा तर कोणता?

लॅमिंग्टन रोडला (मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) जाणार असाल तर चिपचं नाव ठरवून जा. बाहेरच्या खोक्यावर ब्रँड असतो, चिप नसतो, आणि एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत चिप बदलतो. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत एथेरॉस या कंपनीचा चिप होता, दुसरीपासून रिअलटेकचा आला, नाव तेच. खोक्यामागच्या चिकटपट्टीवर 'व्हर्जन' वाचा. शक्य असेल तर लॅपटॉप आणि लिनक्सचा पेन ड्राइव्ह सोबत न्या आणि पैसे देण्याआधी दुकानातच लावून बघा. दुकानदार बहुतेक वेळा हो म्हणतात.

आतलं कार्ड बदलणं जास्त टिकाऊ. त्यात एक मेख आहे: इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं फक्त त्यासाठी बनलेल्या इंटेल लॅपटॉपांत चालतात. एएमडी लॅपटॉपला एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. काही जुने लेनोव्हो आणि एचपी लॅपटॉप कंपनीच्या यादीबाहेरचं कार्ड दिसलं तर सुरूच होत नाहीत. तुमचं मॉडेल त्यांतलं आहे का हे आधी शोधा.

फोनवर मदत मागताना काय सांगू?

लॅपटॉपचं मॉडेल, 'एलएसपीसीआय' मधली नेटवर्कची ओळ, लिनक्सची आवृत्ती आणि 'यूनेम हायफन आर' दिल्यावर येणारा कर्नलचा आकडा. फास्ट स्टार्टअप बंद आहे की नाही, विंडोजमध्ये वायफाय चालतं की नाही, आणि बिघडण्याच्या आधी शेवटचं काय केलं होतं. स्क्रीनचा फोटो काढाल तर पूर्ण ओळ दिसेल असा काढा. 'नेट येत नाही' एवढंच सांगितलं तर आम्हालाही पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.